अडकलेला सांधा

(मार्च १९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं, ते लिहिताना घातलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल, दहा मिनिटं. माझ्या आधी आपल्यातला एक जण हृदयाच्या झडपांवर बोलला. एक मैत्रीण परदेशातल्या तिच्या प्रयोगशाळेवर बोलली. मी उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली. मला जग दिसलं ते खालून, आणि तेही बहुतेक वेळा डोळ्यांत माती पडत असताना. तेव्हा मी आज एकाच सांध्याबद्दल बोलणार आहे. हाडांचे दोन डॉक्टर पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी घाबरू नये. सांधा फियाटचा आहे.

कुठली फियाट ते सांगायला नको. मैदानाच्या कोपऱ्यात चिंचेखाली उभी असायची ती, दुधी रंगाची. सरांनी ती आम्ही नववीत असताना घेतली, वापरलेली, १९७९ सालची. तिला फियाट म्हणायची आपली सवय. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, हँडगिअर. पावसाळ्यात ती सकाळी चालू झाली तरी दुपारी शाळा सुटताना चालू होईलच असं नव्हतं, आणि मग सर वर्गाच्या दारात येऊन फक्त घसा खाकरायचे. आपण वीस-पंचवीस जण धक्का मारायला पळायचो. त्या वीस-पंचवीस जणांतले निम्मे आज इथे आहेत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची कंबर. दोष गाडीला देऊ नका.

ही गाडी अजून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा ती सरांच्या घराशेजारच्या शेडमध्ये पाच दिवस पाण्यात होती. दरवाज्याच्या हँडलपर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी आधी घरं धुतली, माणसं सावरली. गाडी कोण बघतो? मग कोरोना आला, मग २०२१ ला पुन्हा पाणी आलं, त्या वेळी चाकाच्या निम्म्यापर्यंत. गाडी तशीच उभी राहिली. गेल्या वर्षी जूनमध्ये सरांचा मला फोन आला. म्हणाले, "मेळाव्याला मी माझ्या गाडीतून येणार. बघून जा."

मी बघून आलो. इंजिन, ब्रेक, वायरिंग, पेट्रोलची टाकी, यांचं पुराण मी सांगत बसत नाही. ते सगळं कष्टाचं असतं, पण सरळ असतं. बिघडलंय ते दिसतं, बदललं की झालं. मला भीती होती ती स्टिअरिंगची.

आता थोडं शिकवतो, सहन करा. तुम्ही स्टिअरिंगचं चाक फिरवता. ते एका दांड्यावरून खालच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं. तिथून आडवे दांडे चाकांकडे जातात. फियाटला मध्ये एक लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा, असे तीन. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे सहा सांधे. त्याला आम्ही टायरॉड एंड म्हणतो. आत एक पोलादी गोळी असते आणि ती एका वाटीत फिरते. आपल्याला विज्ञानात बाईंनी शिकवलेला उखळीचा सांधा तो हाच. खांद्याचा असतो तसा. गाडी खड्ड्यात वर-खाली होते, चाकं वळतात, आणि तरीही दांडा चाकाला धरून राहतो तो या गोळीमुळे. गोळीच्या खाली किंवा वर एक स्टड निघालेला असतो, तो चाकाकडून आलेल्या आर्मच्या भोकात बसतो आणि पलीकडून नटाने आवळतात. नटाला मुकुटासारख्या खाचा असतात, त्यातून स्प्लिट पिन घालतात, म्हणजे नट आपोआप सुटत नाही.

वाटी झिजली की गोळी सैल होते. आधी स्टिअरिंगला थोडा प्ले येतो, मग खड्ड्यात कटकट आवाज येतो, मग एका बाजूचा टायर आतून किंवा बाहेरून खाल्ला जातो. यातलं काहीच माणसाला गाडी थांबवायला लावत नाही. हीच याची गोम आहे. ब्रेक गेला तर कळतं. हा सांधा मात्र महिनोन्‌महिने तक्रार करत चालतो आणि एक दिवस गोळी वाटीतून बाहेर पडते. मग स्टिअरिंग तुमच्या हातात आणि एक चाक त्याच्या मनासारखं.

तपासायचं कसं तेही सांगून ठेवतो, जुनी गाडी असलेले बरेच आहात. पुढचं चाक जॅकवर उचला. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. हललं तर टायरॉड एंड बघा. बारा आणि सहावर धरून हललं तर किंगपिन किंवा बेअरिंग. आणि दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगून सांध्यावर स्वतःचा हात ठेवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

सरांच्या गाडीत सरच स्टिअरिंगवर बसले. ८३ वर्षांचे होते तेव्हा. मी खाली. सहापैकी चार सांधे बोटाला टकटक करत होते. रबरी बूट फाटलेले, आत पुराचा गाळ जाऊन ग्रीसची घट्ट खडी झालेली.

नवे सांधे मिळवणं हा वेगळा उद्योग झाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तसा स्पेअरचा मालही आटत चाललाय. कुर्ल्याला, सीएसटी रोडवर दोन दिवस फिरून मी सहाचे सहा आणले. इथे एक सांगतो. खोक्यातला म्हणून नवा, असं समजू नका. वीस वर्षं खोक्यात पडलेल्या सांध्याचं रबर वाळलेलं असतं, बोटाने दाबलं तर चिरा दिसतात. तसले मी परत केले. दुकानदार म्हणाला, "काका, फियाटला एवढं कोण बघतंय?"

काम सुरू केलं ते एका रविवारी. मदतीला आपल्यातलाच एक आला होता, बँकेतून निवृत्त झालेला. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. त्याचं काम बॅटरी धरायची. तो बॅटरी माझ्या तोंडावर धरायचा.

तीन सांधे दुपारपर्यंत सुटले. चौथा, डाव्या चाकाकडचा, हलेना. शेडचा उतार त्या बाजूला होता, तिथे गाळ सगळ्यात जास्त दिवस राहिला होता. नट निघाला, पण स्टड भोकात असा बसला होता की जणू एकाच लोखंडाचा ओतलाय.

आता तो का अडकतो हे समजलं तर कसा सोडवायचा ते समजतं. स्टड सरळ नसतो, टेपर असतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. भोकही तसंच. सर, दहावीला शंकुछेद शिकवताना तुम्ही स्टीलचा पेला आणला होता. शंकूचं टोक कापलं की उरतो तो. स्टड म्हणजे तोच शंकुछेद, आणि नट आवळला की तो भोकात पाचरीसारखा रुततो. म्हणजे गाडी चालताना त्याला धरून ठेवतो तो टेपर. नट त्याला आत दाबून ठेवतो एवढंच. त्यामुळे नट काढला तरी सांधा जागचा हलत नाही. मैत्रिणींना हे जास्त लवकर कळेल. दोन स्टीलचे पेले एकात एक अडकले की काय करता? दोन बाजूंनी ओढता का? ओढलं तर हात दुखतात, पेले निघत नाहीत. बाहेरचा पेला गरम पाण्यात धरता, आतल्यात गार पाणी ओतता, आणि बाजूने टिचकी मारता. सुटतो.

सांध्याचंही तसंच. स्टडच्या टोकावर हातोडा हाणायचा नाही. भोकाभोवती आर्मचं जे जाड कडं असतं, त्याच्या बाजूला मारायचं. एका बाजूला वजनदार हातोडा ऐरणीसारखा टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने खणखणीत ठोका द्यायचा. ठोक्याच्या त्या क्षणाला भोक किंचित लांबट होतं, टेपरची पकड सुटते. नट पूर्ण काढायचा नाही. तो उलटा करून स्टडच्या टोकाशी समपातळीवर ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात आणि सांधा सुटला तर उडून तोंडावर येत नाही. पुलर असेल तर त्याने आधी ताण द्यायचा आणि मग कड्याला ठोका मारायचा. नुसता पुलर आवळत राहिलात तर पुलरच मोडतो. फोर्क म्हणून एक दोन दात्यांची पाचर मिळते, ती मध्ये ठोकली की सांधा निघतो, पण रबरी बूट फाटतो. सांधा टाकूनच द्यायचा असेल तर फोर्क चालतो. पुन्हा वापरायचा असेल तर नाही.

आणि गॅसची ज्योत? लोक पटकन ज्योत लावतात. आर्म लाल होईपर्यंत तापवला तर त्या पोलादाचं पाणी उतरतं, आणि तो आर्म पुढे चाक धरणार असतो. मी स्टिअरिंगच्या भागाला ज्योत लावत नाही. माझ्या गॅरेजमधली पोरं मला त्यावरून चिडवतात.

इथवर मी तुम्हाला जे सांगितलं ते सगळं मला १९८७ मध्ये माहीत नव्हतं. ते मला कसं माहीत झालं, हे सांगायचं होतं म्हणून मी आज उभा राहिलो.

दहावीनंतर मी एका गॅरेजमध्ये लागलो. मार्क किती पडले होते ते तुम्हाला माहीत आहे, यादी फलकावर लागली होती. मिस्त्री कडक होते, पण शिकवायचे. १९८७ च्या मे महिन्यात, मी सतरा वर्षांचा असताना, सरांची हीच गाडी गॅरेजला आली. सर सहकुटुंब मालवणला निघाले होते, गगनबावड्यावरून, करूळचा घाट उतरून. मिस्त्रींनी तपासून डाव्या चाकाकडचा सांधा बदलायला सांगितला. नवा सांधा माझ्या हातात दिला आणि स्वतः एका लग्नाला गेले.

मी स्प्लिट पिन काढली, नट पूर्ण काढून बाजूला ठेवला, आणि खालून स्टडच्या टोकावर मोठा हातोडा हाणायला सुरुवात केली. तासभर. सांधा हलला नाही, स्टडचं टोक मात्र अळंबीसारखं पसरलं. आता सांधा निघेना आणि नटही परत बसेना. संध्याकाळ झाली होती. मला वाटलं, मिस्त्री आले तर मला हाकलतील. सांधा अडकला आहे हे सांगायची मला लाज वाटत होती. मग मी काय केलं, तर कानस घेऊन पसरलेलं टोक घासलं, आटे कसेबसे मोकळे केले, नट चढवला, नवीन पिन घातली. जुन्या सांध्यावर नवा रबरी बूट चढवला आणि भोवती भरपूर नवं ग्रीस फासलं. नवा सांधा सायकलच्या पिशवीत टाकला. सात वाजता मिस्त्री आले. पिवळ्या बल्बच्या उजेडात वाकून बघितलं. नवा बूट, नवं ग्रीस. म्हणाले, "झालं?" मी म्हणालो, "झालं." रात्री सर येऊन गाडी घेऊन गेले. जाताना मला पाच रुपये दिले.

त्या रात्री मी झोपलो नाही. घाट डोळ्यांसमोर येत होता असं काही नाही, मी तो घाट तोवर बघितलाही नव्हता. मला दिसत होती ती पिशवी. ती खुंटीला लटकत होती आणि तिच्यात तो नवा सांधा होता. साडेचारला उठलो, सायकल काढली, मिस्त्रींच्या दारात गेलो. ते दात घासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. एकच विचारलं, "किती वाजता निघणार होते?" मला माहीत नव्हतं.

राजदूतवरून आम्ही सरांच्या घरी पोचलो तेव्हा कॅरियरवर सामान बांधून झालं होतं. दोन्ही मुली मागच्या सीटवर झोपलेल्या. वहिनी कुलूप लावत होत्या. मिस्त्री सरांना म्हणाले, "सर, एक नट तपासायचा राहिला होता. अर्धा तास द्या." अर्ध्या तासाचे दीड तास झाले. मिस्त्रींनी दोन हातोडे काढले, एक माझ्या हातात धरायला दिला, आणि कड्याच्या बाजूला तीन ठोके मारले. तिसऱ्या ठोक्याला 'टक्' झालं आणि सांधा लोंबकळला. मी तासभर मारत होतो तो सांधा. मग त्यांनी तो बाहेर काढून माझ्यासमोर दोन्ही हातांनी ओढला. गोळी वाटीतून निम्मी बाहेर आली. ते काहीच बोलले नाहीत. सांधा माझ्या शर्टाच्या खिशात घातला. ग्रीसने शर्ट कायमचा गेला. गाडी आठला मालवणला गेली.

तो सांधा माझ्याकडे आहे.

आता परत गेल्या वर्षीच्या रविवारी येतो. दुपारी जेवणाच्या वेळी सरांच्या थोरल्या मुलीचा पुण्याहून फोन आला, खास मला. म्हणाली, "दादा, एक विनंती आहे. बाबांना सांगा की गाडी आता दुरुस्त होत नाही. तुमचं ते ऐकतील. आम्ही सांगून थकलो. या वयात त्यांनी गाडी चालवू नये." तिचं चुकत नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच चाललं असेल, आईवडिलांकडून किल्ली कशी काढून घ्यायची. आणि माझ्यासाठी तर सोपं होतं. चौथा सांधा खरोखरच निघत नव्हता. "अडकलाय सर, आता काही होत नाही" एवढं म्हटलं की विषय संपला असता.

मी तिला म्हणालो, ताई, हे मला जमणार नाही. याच गाडीच्या याच सांध्याबद्दल मी एकदा खोटं बोललो आहे, आणि तेव्हा तू मागच्या सीटवर झोपली होतीस. मग तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे बाबांना माहीत आहे?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग आधी त्यांना सांगा."

म्हणून मी पुन्हा गाडीखाली गेलो आणि तिथूनच सांगितलं. तोंड दिसत नाही तिथून बोलणं सोपं जातं. सर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आपला बँकवाला बॅटरी धरून उभा, त्याच्या हातातली बॅटरी हलायची थांबली. सगळं ऐकल्यावर सर म्हणाले, "तुझ्या मिस्त्रीने त्या दिवशी चहा दोनदा मागून घेतला होता. एका नटाला दोन चहा लागत नाहीत. मला वाटलंच होतं." ३७ वर्षं त्यांना वाटलंच होतं! मग म्हणाले, "तू परत आलास ना? मग काढ आता तो."

काढायला दोन दिवस लागले. त्या संध्याकाळी ब्रशने सगळा गंज आणि गाळ खरवडला, रॉकेल आणि पातळ ऑइल एकत्र करून टेपरच्या दोन्ही तोंडांना सोडलं, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सोमवारी सकाळी पुन्हा सोडलं, पुलर लावून ताण दिला, कड्याला दोन-चार ठोके मारले आणि निघून गेलो. ताण तसाच ठेवला. यात घाई केली की आर्म वाकतो, आणि पद्मिनीचा आर्म आता शोधून सापडत नाही. मंगळवारी सकाळी आलो, पुलर पाव फेरा आवळला. बँकवाल्याला वजनाचा हातोडा एका बाजूने धरायला दिला, आणि त्याला सांगितलं की डोळे मिटायचे तर मीट, पण हात सोडू नकोस. पहिल्या ठोक्याचा आवाज बद्द होता. चौथ्याचा जरा खणखणीत. आवाज बदलला की समजायचं, आतली पकड ढिली होते आहे. सहाव्याला 'टक्' झालं. बँकवाला इतका ओरडला की शेजारचे बाहेर आले.

बसवतानाची गोष्ट लोक विसरतात, म्हणून सांगतो. जुना सांधा दांड्याच्या नळीतून काढताना किती फेरे लागले ते मोजून ठेवायचे, नवा तितकेच फेरे आत घालायचा. नळीच्या एका बाजूला उलटे आटे असतात, ते लक्षात न घेता जोर करणारे मी बघितलेत. नव्या स्टडला टेपरभर मार्किंग ब्ल्यूचा पातळ हात द्यायचा, भोकात बसवून काढायचा, आणि आत निळा रंग कुठे लागला ते बघायचं. सगळीकडे लागला तर टेपर जुळतो. एकाच कडेला लागला तर तो सांधा त्या गाडीचा नाही, किंवा भोक खराब झालंय. मग रंग नीट पुसायचा, तेल, ग्रीस काहीही न लावता कोरडा बसवायचा. नट आवळताना आतली गोळी फिरायला लागली, तर खालून जॅक लावून सांधा दाबून धरायचा, टेपर रुतला की फिरणं थांबतं. आणि पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट पुढेच न्यायचा, पुढच्या खाचेपर्यंत. पिन जावी म्हणून मागे सैल करायचा नाही. कधीच नाही.

शेवटी व्हील अलाइनमेंट. मी सुतळी बांधून आधी ढोबळ करून घेतलं, पुढची चाकं पुढून किंचित आत. मग राजारामपुरीतल्या एका दुकानात नेली. तिथल्या पोराच्या मशीनमध्ये पद्मिनीचं नावच नव्हतं. तो म्हणाला, "काका, ही कुठल्या देशाची?"

गाडी तयार झाल्यावर सरांच्या मुलीला पुण्याहून बोलावून घेतलं. मी सरांना तिच्यासमोरच सांगितलं की गाडी शंभर टक्के ठीक आहे, चाक तुमच्या हाताला ऐकेल, आणि चालवायची की नाही यात माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. सर म्हणाले, "मी चालवणार नाही हे मी दोन वर्षांपूर्वीच ठरवलंय. डाव्या डोळ्याने कडेचं दिसत नाही मला. पण गाडी बिघडली म्हणून बंद झाली, असं मला नको होतं." मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हे डोळ्याचं माहीत नव्हतं.

तरी एकदा त्यांनी चालवली, तिच्या परवानगीने. रविवारी सकाळी सहाला, शेडमधून निघून कोपऱ्यापर्यंत आणि परत. मी शेजारी बसलो होतो, ती मागे, तिच्या जुन्या जागेवर. हँडगिअर दुसऱ्यात टाकताना सरांचा हात अजिबात चाचपडला नाही. परत आल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि पेपर मागितला.

आज गाडी तीच घेऊन आली आहे, सर तिच्या शेजारी बसून आले. चिंच आता नाही, म्हणून गाडी पाण्याच्या टाकीजवळ उभी केलीय. दुपारी चालू झाली नाही तर घसा खाकरल्याचा आवाज येईल, त्यासाठी तयार राहा.

या टेबलावर मी दोन सांधे ठेवलेत. उजवीकडचा १९८७ चा, डावीकडचा गेल्या वर्षीचा. दोन्ही हातात घ्या, गोळी हलवून बघा, कुठवर बाहेर येते ते बघा. मग जेवायला जाण्याआधी हात साबणाने धुवा. गेल्या वर्षीच्या सांध्याचं ग्रीस अजून ओलं आहे.